गावरान कोंबड्यांना मका-बाजरी आंबवून दिली तर फरक पडतो का?

सिन्नरचा शेतकरी:
राम राम मंडळी. शेतावर ऐंशीच्या आसपास कोंबड्या आहेत, गावरान आणि थोड्या कावेरी जातीच्या, दिवसभर मोकळ्या असतात आणि संध्याकाळी भरडा टाकतो. फीडच्या गोणीचा भाव आता परवडत नाही, घरची मका बाजरी पडून आहे म्हणून आंबवून द्यायचा विचार चाललाय. वजन खरंच वाढतं का आणि पिल्लांना कधीपासून चालतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

दिंडोरीची ताई:
दादा नक्की करा, आमच्याकडे रोजचं आहे. प्लास्टिकच्या बादलीत भरडा घ्यायचा, वर दोन-तीन बोटं पाणी राहील एवढं पाणी, पहिल्या वेळी वाटीभर ताजं ताक, झाकण सैल ठेवायचं आणि दिवसातून दोनदा हलवायचं. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसात होतं, थंडीत तीन-चार दिवस धरा, निफाडकडे तर डिसेंबरात जास्तच लागतील. आंबट ताकासारखा वास आला की तयार. पुढच्या वेळी ताक नको, जुनंच आंबट पाणी थोडं ठेवून त्यात नवा भरडा टाकायचा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, आंबट पाणी धातूला खातं. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की थोडं थोडं सुरू करा आणि संध्याकाळपर्यंत उरलेलं उचलून टाका, ओलं अन्न लगेच बुरशी धरतं.

निफाडकर:
ताईंची पद्धत बरोबर आहे. आंबल्यावर लॅक्टिक ॲसिड तयार होऊन पीएच (आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास येतो, तिथं साल्मोनेला आणि ई. कोलाय या जंतूंना जोर धरता येत नाही, शिवाय धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकात अडकलेला फॉस्फरस मोकळा होतो, म्हणून पचन सुधारतं. पण आंबवल्याने मक्याची सोयाबीन पेंड होत नाही हो, हे नीट समजून घ्या. मक्यात प्रोटीन ९ टक्क्यांच्या आसपास, बाजरीत थोडं जास्त, आणि वाढत्या पिल्लाला २० टक्के तरी पाहिजे. नुसत्या मका-बाजरीवर पिल्लू खुरटतं, मग कितीही आंबवा. पेंड मिसळावीच लागेल, आणि कच्चं सोयाबीन देऊ नका, त्यातला घटक प्रोटीन पचू देत नाही, भाजून किंवा पेंड म्हणूनच. अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

सिन्नरचा शेतकरी:
पेंडीचं लक्षात आलं भाऊ, धन्यवाद. अजून एक, पावसात भिजलेली थोडी मका आहे, काही कणसं काळी-हिरवी पडलीत. आंबवल्यावर ती चालून जाईल का?

निफाडकर:
नाही चालणार, कृपा करून देऊ नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष आंबवून जात नाही आणि उकळूनही जात नाही, ते कोंबडीच्या यकृतावर जातं, वाढ थांबते, अंडी घटतात. ती कणसं गाई-म्हशींनाही नको, विष दुधात उतरतं. सरळ खड्ड्यात गाडून टाका.

इगतपुरीवाला:
उशिरा लिहितोय पण राहवलं नाही. आंबवलेलं खाणं सुरू केलं म्हणून कुणी लस टाळू नका. आमच्या वाडीत आंबवलेल्या खाण्यावर विश्वास ठेवून लस चुकवली आणि मानमोडीने (राणीखेत रोगाने) अख्खं खुराडं गेलं, फार वाईट वाटलं बघून. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीचीच पहिली लस), दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, सहा-आठ आठवड्यांची झाली की मानमोडीचा आरटूबी डोस, तारखा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. आणि दादा, पिल्लं कधी आणणार आहात? थंडीत आणणार असाल तर ब्रूडिंगच्या (पिल्लांना ऊब देण्याच्या) बल्बची सोय आधी करा, सुरुवातीचे तीन-चार आठवडे ऊब लागतेच.