पाळी संपल्यावर: परिचारिकांनी आपल्या समाधानाविषयी लिहावे

नोकरीत समाधान आहे का, हा प्रश्न दरवर्षी १२ मेच्या, म्हणजे परिचारिका दिनाच्या, पुष्पगुच्छांखाली दबून जातो. ज्यांनी वॉर्डात पाळ्या केल्या आहेत, त्यांनी येथे मोकळेपणाने लिहावे.

अधिपरिचारिका, शासकीय रुग्णालय, नवजात शिशू कक्ष
काम मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच अधिक चिडचिड होते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराशे ग्रॅमच्या बाळाची शीर कुठेच सापडेना. तळहाताखाली टॉर्च धरल्यावर लालसर उजेडात केसाएवढी काळी रेघ दिसली. २४ नंबरचा पिवळा इंट्राकॅथ (शिरेत घालायची बारीक नळी) सरकवला, मागे रक्ताचा थेंब आला आणि माझा अडकलेला श्वास सुटला. त्या थेंबासाठी मी ही नोकरी करते. मात्र त्यानंतरचे दोन तास रजिस्टरे भरण्यात गेले, आणि तेवढा वेळ बाकीची बाळे एकट्या शिकाऊ मुलीच्या भरवशावर होती.

जीएनएम (नर्सिंग पदविकाधारक परिचारिका), खासगी रुग्णालय, २५ खाटा
सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५०पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. माझ्या हातात ११,००० पडतात. यापुढे समाधानाविषयी काय लिहू?

ब्रदर (पुरुष परिचारक), अस्थिरोग वॉर्ड
रुग्ण मला 'मामा' म्हणतात, म्हणजे कक्षसेवक समजतात. बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे प्रत्येकाला कुठे समजावत बसणार? पुरुष रुग्णांना कॅथेटर (लघवीची नळी) घालताना मात्र ते माझ्यापाशी निःसंकोच असतात, याचे मला बरे वाटते.

निवृत्त परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका)
पगाराइतकेच समाधान ड्युटी लिस्टवर, म्हणजे महिन्याच्या पाळ्यांच्या यादीवर, अवलंबून असते, असे माझे मत आहे. मी ती पेन्सिलीने लिहीत असे, कारण कुणाचे मूल कधी तापाने फणफणेल आणि कुणाची सासू कधी गावाहून येईल, हे महिन्याच्या एक तारखेला कुणालाच ठाऊक नसते. फक्त नाईटनंतरचा ऑफ मी कधी खोडला नाही. एकदा वरून आदेश आला की यादी शाईनेच लिहावी आणि बदल करू नये. त्या महिन्यात माझ्या टेबलावर आजारपणाच्या रजेचे सात अर्ज आले, आणि त्यांतले निदान पाच खोटे आहेत हे ठाऊक असूनही मी सातही पुढे पाठवले.