घटस्फोटाच्या केससाठी प्रॉपर्टी व्हॅल्युअर कसा निवडायचा? (पुणे, जॉइंट फ्लॅट)

सिंहगडरोड_वरची
नमस्कार. फॅमिली कोर्टात केस चालू आहे, मधे म्युच्युअलचं (दोघांच्या संमतीने घटस्फोटाचं) बोलणं झालं पण गाडी फ्लॅटवर अडलीये. टू बीएचके, दोघांच्या नावावर, लोन अजून आहे. नवरा म्हणतो फ्लॅट मी ठेवतो, तुला निम्मे पैसे देतो, आणि त्याच्या व्हॅल्युअरचा रिपोर्ट आलाय ६८ लाखांचा. आमच्याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा तेवढाच फ्लॅट दिवाळीनंतर ८५ च्या आसपास गेला असं सेक्रेटरी काका सांगतात. तो व्हॅल्युअर तर घरात आलाच नाही, मी त्या दिवशी घरीच होते. मला माझा माणूस लावायचाय पण खरा कोण आणि नुसता शिक्का मारणारा कोण हे कसं ओळखायचं? ओळखीचे एक एजंट लेटरहेडवर किंमत लिहून द्यायला तयार आहेत, चालेल का?

कोथरूडचा_काका
ताई, एजंटचं पत्र नको. माझ्या बहिणीच्या केसमध्ये आम्ही हेच केलं होतं. समोरच्या वकिलाने क्रॉसमध्ये (उलटतपासणीत) विचारलं हा आकडा कशावरून काढला, एजंट म्हणाले अनुभवावरून, संपलं तिथेच. मग ज्या मॅडमना लावलं त्या दीड तास घरात होत्या, लेझरने एकेक खोली मोजली, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीची ओल बोटाने दाबून बघितली आणि फोटोसकट रिपोर्टात घातली. मी म्हटलं मॅडम ओल कशाला लिहिता, किंमत उतरेल ना. तर म्हणाल्या मी नाही लिहिली तर ते साक्षीत काढतील आणि मग माझा बाकीचा रिपोर्ट पण कोणी मानणार नाही. असा माणूस शोधा. आणि पहिल्याच फोनवर "आकडा किती हवाय" असं विचारणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

निवृत्त_इंजिनियर
बँकेच्या पॅनलवर बरीच वर्षं व्हॅल्युएशनची कामं केली म्हणून लिहितो. आधी रजिस्ट्रेशन नंबर मागा. एक असतं वेल्थ टॅक्स कायदा १९५७ च्या कलम ३४एबी खालचं, वेल्थ टॅक्स बंद झाला तरी ही नोंदणी इन्कम टॅक्स खात्याकडे चालू आहे. दुसरं आयबीबीआयचं (इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी बोर्डाचं), २०१७ च्या नियमांखालचं, त्यात मात्र "लँड अँड बिल्डिंग" हाच वर्ग हवा, कारण शेअर्सवाला आणि मशिनरीवाला पण रजिस्टर्ड व्हॅल्युअरच म्हणवतो. नंतर त्याचा एखादा जुना रिपोर्ट नावं झाकून दाखवायला सांगा. त्यात आसपासच्या खऱ्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) जोडलेत का बघा, पोर्टलवरच्या जाहिराती म्हणजे मागितलेली किंमत, मिळालेली नाही. नुसत्या रेडी रेकनरवर (सरकारी दरपत्रकावर) काढलेला आकडाही पुरेसा नाही, तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) की सेलेबल (जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून) हे पण तपासा, एका फ्लॅटचा दर सेलेबलवर आणि गुणाकार कार्पेटशी असं झालं की लाखो रुपये तिथेच गायब होतात, तुमच्या ६८ मध्ये हे झालंय का बघाच. फी ठरलेली रक्कम असावी, आकड्याच्या टक्क्यावर नको. कोर्टात साक्षीला यायचे किती घेणार ते आधीच लेखी घ्या, ऐनवेळी न येणारे खूप.

वकील_पुणे
वरचं सगळं बरोबर. माझं मत, दोघांनी दोन व्हॅल्युअर लावून वर्षभर भांडण्यापेक्षा एकाच नावावर सहमती करून तशी पुरशिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) द्या, खर्च निम्मा निम्मा. नाहीच जमलं तर सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) ऑर्डर २६ खाली कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज करता येतो. अजून एक, नाव जॉइंट आहे म्हणजे आपोआप निम्मं असं आपल्याकडे नाही, डाउन पेमेंट आणि हप्ते कोणी भरले ते बघितलं जातं, तेव्हा बँक स्टेटमेंट आत्ताच काढून ठेवा. आणि लोनचं फोरक्लोजर लेटर (कर्ज आज फेडायचं तर किती बाकी हे सांगणारं बँकेचं पत्र) घ्या, हिशोब त्यातली बाकी वजा करूनच होणार.

सिंहगडरोड_वरची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिसऱ्या मजल्याचा इंडेक्स टू आयजीआरच्या (नोंदणी खात्याच्या) साइटवर काढला, ८३ लाख ५० हजार. आणि हो, त्याच्या रिपोर्टात आमचं कार्पेट त्या फ्लॅटएवढंच लिहिलंय पण बाल्कनी धरलेलीच नाही. एकच व्हॅल्युअर लावू म्हणून त्याला मेसेज केलाय, नाही म्हणाला नाही अजून. पुरशिसमध्ये किंमत कुठल्या तारखेची धरायची, आजची की वेगळे राहायला लागलो तेव्हाची?

वकील_पुणे
तो हिस्सा आत्ता विकत घेतोय, तेव्हा आजची मागा. आणि तारीख पुरशिसमध्ये स्पष्ट लिहा, मोकळी सोडू नका.