मदत हवी आहे: जुन्या फारसीत 'अस', मग आज 'अस्ब' कसं?

भारत-इराणी भाषांतल्या 'घोडा' या अर्थाच्या शब्दांचा तक्ता करतोय. फारसीपाशी अडलोय, जाणकारांनी हात द्यावा.

मूळ पुनर्रचित रूप *अच्वस् धरलंय (तारा म्हणजे कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही; 'च' तालव्य). त्याचं संस्कृतात अश्व, पालीत अस्स, अवेस्तात (पारशी धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेत) अस्प. पश्तोत घोडा 'आस' आणि घोडी 'अस्पा'. ऑसेटिकमध्ये (कॉकेशसमधली इराणी भाषा) 'येफ्स', पण अर्थ फक्त घोडी. मराठीत बोलण्यातला घोडा 'घोटक'वरून आला नि अश्व पोथीतच राहिला.

आता घोळ. इराणातल्या बेहिस्तूनच्या जुन्या फारसी शिलालेखात सम्राट दारयवहू (डेरियस) सांगतो की बंडखोर फ्रवर्तीश थोड्याशा 'असबारां'सह पळाला. असबार म्हणजे घोड्याने वाहून नेलेला, स्वार. म्हणजे तेव्हा घोडा नुसता 'अस'. आजची फारसी मात्र 'अस्ब' म्हणते. मधेच ओठांचा वर्ण कुठून उगवला? ध्वनिनियम असा उलटा फिरतो का?

(जाता जाता: आपला 'स्वार' फारसी 'सवार'मार्फत याच असबारातून आलाय. म्हणजे घोडेस्वारात घोडे दोन!)

प्रतिसाद:
नियम फिरलेला नाही, शब्द उसना आहे. प्राचीन फारसी ही नैऋत्येची बोली, तिथे मूळच्या 'च्व' या जोडाक्षराचा 'स' झाला. मीड लोकांकडे (फारसींचे शेजारी इराणी लोक) आणि अवेस्तात 'स्प'. मीडांच्या 'स्प'ला ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची साक्ष आहे: ते कुत्रीला 'स्पाका' म्हणत. शेजारी आपला संस्कृत श्वन् (कुत्रा) ठेवून बघा.

दारयवहूच्याच लेखांत 'उवस्प', म्हणजे चांगल्या घोड्यांचा, हेही येतं. एकाच राजाच्या तोंडी दोन्ही रूपं! 'विश्व'चंही (म्हणजे 'सर्व') तेच: पर्सेपोलिस या राजधानीत दारयवहूचा मुलगा झर्क्सीस याच्या दरवाज्याच्या लेखात 'विसदह्यु' (सर्व देशांचा) आहे, तर दारयवहूच्या लेखात 'विस्पझन' (सर्व लोकांचा). राज्यकारभाराचे बरेच शब्द मीडांकडूनच आले, त्यात घोडा येणं साहजिक.

तेव्हा तक्त्यात 'अस्ब' जुन्या 'अस'च्या खाली लावू नका, बाजूने तुटक रेघ ओढा. 'सवार' मात्र सरळ खाली.

धागाकर्ता:
आभार! मग श्वेतचा भाऊबंद 'सफेद'ही तुटक रेघेतच का?

प्रतिसाद:
हो, अवेस्तात 'स्पएत' आहे. अस्सल नैऋत्येचा असता तर त्यात 'फ' दिसला नसता.