मदत हवी आहे: डिझेल गाडीचे इंजिन माउंटिंग (इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणारा, कंपन शोषणारा रबरी आधार)
सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये असताना स्टिअरिंग थरथरते, क्लच सोडताना खालून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि इंजिन बंद करताना अख्खी गाडी हिसका खाते. इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) मात्र तपासून झाले आहेत. बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून दुसऱ्याला क्लच हाफवर आणायला सांगितले असता इंजिन एका बाजूने स्पष्ट उचलले जाते आणि उजव्या हायड्रॉलिक (आत द्रव भरलेल्या) माउंटिंगखाली काळसर, तेलकट ओघळ दिसतो, त्यामुळे ते फुटले आहे याविषयी मला फारशी शंका नाही. गॅरेजवाले तेवढेच बदला म्हणतात. परंतु टॉर्क रॉडच्या (इंजिनाचे हेलकावणे रोखणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशलाही चिरा असल्याने तोही सोबतच बदलावा असे मला वाटते. पुण्यातल्या नाना पेठेतले स्वस्त माउंटिंग चालेल (रबर कडक निघाल्यास कंपन उलट वाढते), की ओरिजिनलच घ्यावे? जॅक आणि लाकडी ठोकळ्यावर इंजिन तोलून हे काम नीट करणारा मेकॅनिक धनकवडी परिसरात कोणी सुचवू शकेल का?