‘ब्लॅक’ला ‘कृष्णवर्णीय’ म्हणावं का?

प्रश्न:
ब्रिटनमधले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांच्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘ब्लॅक’ आला की ‘कृष्णवर्णीय’ लिहीत गेले आणि एका वाक्याशी अडले. तिथे ब्रिटनमधल्या आशियाई बायकाही स्वतःला ब्लॅक म्हणवतात. आता काय करू?

उत्तर:
तिथे ‘कृष्णवर्णीय’ नकोच. शब्द सभ्य आहे, पण कातडीचा रंग सांगून थांबतो. हॉल यांचा ‘ब्लॅक’ रंगापुरता नाही.

ते १९३२ साली जमैकात, किंग्स्टनला जन्मले. भावंडांत सगळ्यांत सावळे. तिथे रंगाच्या छटेवरून माणसाची पायरी ठरायची, तरी त्यांच्यासारख्या मध्यमवर्गीय घरात स्वतःला ‘ब्लॅक’ कोणी म्हणत नसे. ही ओळख आपल्याला शिकावी लागली, असं ते सांगत. मला त्यांच्या लेखनातलं हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं: ओळख रक्तात नसते, इतिहासाच्या एखाद्या वळणावर ती घडते.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये नोकरी, घर, पोलीस, सगळीकडे कॅरिबियन आणि आशियाई माणसांच्या वाट्याला वर्णद्वेषच येत होता. त्यातून दोघांनी ‘ब्लॅक’ हे एकच नाव घेतलं. १९७९ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’मध्ये आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन बायका एकत्र होत्या.

आपल्याकडचा ‘दलित’ आठवा. दलित पँथरने १९७३च्या जाहीरनाम्यात त्या शब्दात भूमिहीन शेतमजूर, कामगार, स्त्रिया यांनाही घेतलं होतं. पँथरचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलेलं, म्हणून ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही.

पुन्हा प्रश्न:
मग सरळ ‘काळे’ लिहू?

उत्तर:
जिथे शिवी उलटवून अभिमानाने मिरवली आहे, तिथे ‘काळे’ जरूर लिहा. ‘कृष्णवर्णीय’ने त्यातली धग जाते. पण आशियाई बायकांच्या त्या वाक्यात ‘ब्लॅक’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगा.

एक मात्र सांभाळा. १९८८च्या ‘न्यू एथ्निसिटीज’ या निबंधात हॉल यांनी ‘ब्लॅक’ या एकाच छत्रीखाली काय झाकलं जातं ते दाखवलं. सगळे ब्लॅक एकसारखे नसतात. वर्ग, लिंगभाव, लैंगिकता यांचे भेद आत असतातच, आणि ब्लॅक माणसाने केली आहे म्हणून एखादी कलाकृती आपोआप चांगली ठरत नाही. त्यामुळे तुमच्या लेखात ‘ब्लॅक समाज’ असा एकसंध शब्दप्रयोग कुठे झाला असेल, तर तिथे मूळ वाक्य पुन्हा पाहा. ‘समाज’ हा शब्द मुळात आहे की तुमच्या हातून आला आहे?