उकिडवे बसताना गुडघ्याचे प्रतिमान का फसते?

प्रश्न (माटुंगा)
नमस्कार. ससून डॉकवर उकिडव्या बसून तासन्‌तास कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांच्या गुडघ्यांवर किती भार येतो, हा माझ्या पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय आहे. मोशन कॅप्चर (शरीराच्या हालचालींची नोंद) आणि फोर्स प्लेट (पायाखालचे बल मोजणारी पाटी) यांच्या नोंदी घेऊन ओपनसिम या हालचालींचे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालीत गेट२३९२ हे हाडे व स्नायूंचे तयार प्रतिमान वापरले. चालण्याचे निकाल समाधानकारक आहेत; मात्र पूर्ण बसलेल्या स्थितीत क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूंची) सक्रियता १ वर, म्हणजे कमाल मर्यादेवर, जाऊन अडकते आणि उरलेले बलाघूर्ण (सांधा फिरवणारा जोर) रिझर्व्ह अ‍ॅक्च्युएटर (स्नायू कमी पडल्यास गणित जुळवणारे कृत्रिम जोर) उचलतात. प्रत्यक्षात त्या बायका निवांत गप्पा मारत बसलेल्या असतात. स्नायूंची कमाल ताकद वाढवून ठेवावी का?

उत्तर (पवई)
ताकद मुळीच वाढवू नका, त्याने खरा दोष झाकला जाईल. हे प्रतिमान मुळात चालण्यासाठी रचलेले असून त्यात गुडघा १२० अंशांपर्यंतच वाकतो; त्यापुढे सांध्याची भूमिती निव्वळ अंदाजावर चालते. याहून मोठी उणीव अशी की, पूर्ण बसल्यावर मांडीची मागची बाजू पोटरीवर टेकते, आणि हा आधार गुडघ्याच्या आसापासून बराच मागे असल्याने क्वाड्रिसेप्सने पेलायचे बलाघूर्ण पुष्कळ कमी करतो. तुमच्या गणितात हा आधारच नाही, म्हणून सगळा भार बिचाऱ्या स्नायूंवर पडतो. मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये पातळ प्रेशर मॅट (दाब मोजणारी चटई) ठेवून हे बल व त्याचे स्थान मोजा, आणि दोन्ही भागांवर समान व विरुद्ध बाह्य बल म्हणून द्या.

उत्तर (परळ, फिजिओथेरपिस्ट)
वरील मताशी सहमत. त्यासोबत वास्टस लॅटरॅलिसवर (क्वाड्रिसेप्सपैकी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूवर) ईएमजी (स्नायूतील विद्युत संकेतांची नोंद) लावून पाहा. प्रतिमानाची सक्रियता आणि ईएमजी यांचा मेळ बसत नसेल, तर सांध्यावरील भाराच्या आकड्यावर विसंबू नये. पोटरीच्या घेरानुसार आधार लवकर किंवा उशिरा मिळतो, त्यामुळे एकीचे मोजमाप दुसरीला लावू नका.

उत्तर (ठाणे)
एक भर. हिल यांनी १९३८ साली बेडकाच्या स्नायूवरून मांडलेला बल-वेग संबंध (स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल कमी) येथे फारसा कामाचा नाही, कारण स्थिर बसण्यात वेग शून्यच असतो. सारा खेळ स्नायूच्या लांबीचा आहे. क्वाड्रिसेप्सपैकी रेक्टस फेमोरिस गुडघ्याशी ताणला जातो, पण नितंबाच्या सांध्याशी सैलावतो. बाकीचे तीन, म्हणजे वास्टस, मात्र फक्त गुडघा ओलांडतात, त्यामुळे ते पूर्ण ताणले जाऊन त्यांचे निष्क्रिय बल (नुसत्या ताणामुळे येणारे) झपाट्याने वाढते. ते किती वाढेल हे टेंडन स्लॅक लेंग्थच्या (ज्या लांबीपुढे स्नायूची कंडरा ताण धरू लागते तिच्या) अगदी किरकोळ फरकानेही बदलते. तेव्हा बाह्य बल घातल्यानंतर सर्वप्रथम ही लांबी थोडी कमी-जास्त करून उत्तर किती हलते ते तपासा.