फोटोंसाठी एक्सटर्नल एसएसडी कुठली घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, फोटोंचा पसारा आता लॅपटॉपात मावेना. शिगमो, जत्रा, माशेलचा चिखलकाला, सगळं रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, मोठ्या फाइली), वर लग्नाच्या ऑर्डरी. सॅमसंगची टी7 शील्ड मनात आहे, आयपी65 आहे, म्हणजे धूळ-पाणी झेलते, आणि चिखलकाल्यात बॅगेत काय काय शिरतं ते गेलेल्यांनाच ठाऊक 😄 पण माझ्या लॅपटॉपला यूएसबी 3.0 चाच पोर्ट, म्हणजे सेकंदाला 5 गिगाबिट (गिगाबाइट नव्हे, आठ बिटांचा एक बाइट), मग तिची सेकंदाला 1050 मेगाबाइटची स्पीड मिळणारच नाही ना? त्यापेक्षा साधी 2 टीबीची एसएसडी घेऊन उरलेल्या पैशात बॅकअपला हार्ड डिस्क घ्यावी का? कारण एसएसडी खूप काळ करंटशिवाय कपाटात पडून राहिली तर डेटा उडू शकतो म्हणतात, आणि आमच्याकडे पावसात कपाटातल्या लेन्सलासुद्धा बुरशी धरते. तिसरी कॉपी म्हापशाला बहिणीकडे ठेवीन, क्लाउडवर एवढं रॉ चढवायचं तर आमच्या वाड्यावरच्या नेटचं काही खरं नाही. आणि हो, मित्राकडे मॅक आहे, ड्राइव्हचं फॉरमॅट एक्सफॅट केलं तर दोन्हीकडे चालेल, पण कॉपी होताना केबल निसटली तर अख्खी ड्राइव्ह बोंबलते का हो? वापरणाऱ्यांनी सांगा, पणजी-मडगावात पक्क्या बिलाने कुठे मिळेल तेही.